वायर वाढली

१

नंदलालभाऊंच्या घरचा दिवस घड्याळावर चालत नसे, तो लाईनवर चाले. लाईन म्हणजे वीज. भारनियमनाच्या त्या वर्षांत गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाच्या बाजूला ती सकाळी येई, दुपारी जाई आणि पुन्हा केव्हा येईल याविषयी प्रत्येकाचे स्वतंत्र मत असे. लाईन आली की निर्मलाबाई पाण्याची मोटर सुरू करत, त्यांची मुलगी भूमिका मोबाइल चार्जिंगला लावी, आणि नंदलालभाऊ ओसरीतल्या लोखंडी पेटीवरचे पोते बाजूला सारून आतल्या यंत्राकडे नुसते बघत बसत. लाईन गेली की पोते पुन्हा पेटीवर जाई.

पोवार समाजातील लग्नगीते टिपून घेण्यासाठी मी नागपूरहून येऊन त्या घरी उतरलो होतो. भूमिकाचेच लग्न असल्यामुळे घर गात होते. निर्मलाबाई भाजी चिरता चिरता गात आणि मी चुलीपासून सुरक्षित अंतरावर बसून लिहून घेई. एकदा मी एक ओळ पुन्हा म्हणायला सांगितली, तर त्या म्हणाल्या, "सर, कान नागपूरले ठेवून आले का जी?"

पेटीत होती ती विजेवर चालणारी साखळी-करवत. घरात तिला 'मशीन' एवढेच नाव होते. नंदलालभाऊंचे थोरले बंधू, म्हणजे भूमिकाचे 'बडे बाबूजी', दुलीचंद यांनी ती बालाघाटकडच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या लिलावातून आणली होती. भूमिकाच्या मांडवाची मेढ, म्हणजे मुहूर्ताचा पहिला खांब, मी याच मशीनने कापीन, असे त्यांनी साऱ्या गावाला सांगून ठेवले होते. पुढे तापाचे निमित्त झाले आणि ते गेले.

"मोठ्या भावाचा शब्द हाये, सर," नंदलालभाऊ म्हणाले. "मेढ मशीननंच कापाची. कुऱ्हाड लावली तं दुलीभाऊले मी तोंड कसं दाखवू?"

त्यांना तोंड दाखवण्याचा प्रसंग आता येणार नाही, असे तर्काला धरून मी म्हणालो. पुढचे सारे पाहता हे विधान मी आज इतक्या ठामपणे करणार नाही.

दुलीचंदांचे नाव निघताच निर्मलाबाईंनी पदर डोक्यावरून थेट कपाळाखाली ओढला. भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सुनेने तोंड झाकावे हा रिवाज मला ठाऊक होता. तो दिवंगत भासऱ्यांच्या नुसत्या नावालाही लागू होतो, हे मात्र माझ्यासाठी नवीन होते. मी तसे टिपून ठेवले.

२

यंत्र कोणाच्या बनावटीचे आणि कोणत्या काळातले, हे सांगणारी पट्टी केव्हाच निखळून गेली होती. तिच्या रिव्हेटांची भोके तेवढी उरली होती. कर्ता अज्ञात असलेल्या गीताचा काळ आपण अंतर्गत पुराव्यावरून ठरवतो. तीच पद्धत मी येथे लावली.

सांगाडा ओतीव ॲल्युमिनियमचा होता. अलीकडच्या करवतींचे अंग प्लास्टिकचे असते आणि त्यावर चौकोनात चौकोन अशी दुहेरी आवरणाची खूण असते, ती येथे नव्हती. धातूचे अंग, म्हणून अर्थिंगची तिसरी तार आवश्यक, आणि प्लग त्यामुळे जाड तीन पिनांचा. साखळीला तेल आपोआप जात नसे. मुठीजवळचे बटण अंगठ्याने दाबत राहावे लागे. हाताच्या पुढे ढाल नव्हती आणि साखळी झटक्यात थांबवणारा ब्रेकही नव्हता. मोटरच्या दोन्ही अंगांना कार्बनच्या कांड्यांची फिरकीची झाकणे होती. आणि सर्वांत बोलका पुरावा म्हणजे वायर. तिच्यावर रबराच्या वरून सुताची वेणी विणलेली होती, जुन्या इस्त्रीच्या वायरवर असते तशी.

"साधारण १९६०च्या आसपासची," मी निष्कर्ष मांडला. "परदेशी बनावट. खाणीतले लाकडी टेकू कापण्यासाठी घेतलेली असावी."

"म्हणजे जुनी हाये," नंदलालभाऊ म्हणाले.

"हो."

"ते तं मले बी माहीत होतं."

अडचण वेगळीच होती. मेढीसाठी ठरलेली साजाची, म्हणजे ऐनाच्या झाडाची, सरळ फांदी शेताच्या बांधावर होती आणि वायर ओसरीतल्या बोर्डापासून जेमतेम खळ्यापर्यंत पोचत होती. बारीक वायर जोडून लांबी वाढवू नका, दाब उतरतो, मोटर नुसती गुणगुणते आणि जळते, हे मी त्यांना समजावले. त्यांनी मान डोलावली आणि आधी मशीन चालते का ते पाहण्यासाठी खळ्यावरच्या एका जुन्या ओंडक्याला ती लावली.

"वायर खांद्यावरून पाठीमागे घ्या," मी सांगितले. "साखळीखाली येईल."

"सर, तुमी गाने लिहा."

यंत्राने असा काही आवाज काढला की गोठ्यातल्या म्हशीने दावे ताणले. जाळीतून निळ्या ठिणग्या दिसू लागल्या. तेवढ्यात फट् झाले आणि ओसरीतला पंखा थांबला. वायर साखळीखाली आली होती.

"तुटली!" भूमिका ओरडली. "बाबूजी, वायर तुटली!"

नंदलालभाऊ सुखरूप आहेत याची खात्री झाल्यावर, प्राध्यापकाच्या सवयीने, मी म्हणालो, "लग्नाचं घर आहे. तुटली म्हणू नये. वाढली म्हणावं."

मग मला ते विस्ताराने सांगावेच लागले. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाही, वाढवतो. अशुभ क्रियेला तिच्या उलट अर्थाचे क्रियापद द्यायचे, म्हणजे ऐकणाऱ्याची दिशाभूल होते.

"ऐकनारा कोन?" निर्मलाबाईंनी विचारले.

शास्त्र याविषयी मौन बाळगते, असे मी म्हणालो.

"आमच्याकडे तुटलं तं तुटलंच म्हणते, सर. वाढलं म्हटलं तं दुरुस्त कोन करन?"

भूमिकाने मात्र गोंदियाच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. केले होते आणि तिला ही कल्पना फारच आवडली. ती यंत्राजवळ गेली, वायरची दोन्ही टोके हातात घेतली आणि गोड आवाजात म्हणाली, "वायर वाढली, बाबूजी."

३

नंदलालभाऊंनी फ्यूज काढून ठेवला, टोके सोलली, पिळली आणि त्यांवर काळी टेप गुंडाळली. जोड यंत्रापासून हातभर अंतरावर होता. सोलण्या-पिळण्यात वायर थोडी आखूडच व्हायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी लाईन आल्यावर ते मला हाक मारत आले. "सर, पोचली!"

यंत्र बांधावर होते, साजाखाली. वायर ओसरीतून निघून, खळे ओलांडून, गोठ्याला वळसा घालून तिथवर गेली होती आणि तरीही मध्ये सैल पडलेली होती.

मी विचार केला. सुताची वेणी दमट हवेत सैल होते. वर्षानुवर्षे गुंडाळलेली वायर उलगडली की लांब भासते. शिवाय खळ्याचे अंतर मी नजरेने मापले होते, आणि माझी नजर हस्तलिखितांना सरावलेली आहे, शेताला नाही. ही तिन्ही कारणे मला पुरेशी वाटली. वायरीच्या कडेने चालत मी परत निघालो आणि गोठ्याशी थांबलो.

टेपचा काळा जोड तिथे होता. यंत्रापासून हातभर अंतरावर असलेला जोड आता म्हशीच्या पुढ्यात पडला होता, आणि म्हैस त्याच्याकडे पाहत रवंथ करायची थांबली होती.

"नंदलालभाऊ, जोड दुसरीकडे केलात का?"

"कायले करू? झाली ना लंबी. आता मेढ होते." त्यांचे डोळे भरून आले होते. "दुलीभाऊचा शब्द राह्यला, सर."

त्या चेहऱ्यासमोर जोडाचा प्रश्न पुन्हा काढणे मला प्रशस्त वाटले नाही.

४

मेढीचे माप दोरीवर घेतले होते. दोरी मांडवाच्या खड्ड्याच्या तळापासून आडव्या बल्लीपर्यंत बेतलेली होती. फांदी मशीननेच उतरवली, सोलली, खळ्यावर आणून ठेवली, दोरी लावून कोळशाने खूण केली. नंदलालभाऊंनी यावेळी वायर खांद्यावरून घेतली. ते साखळी टेकवणार तोच भूमिका म्हणाली,

"बाबूजी, तोडतो म्हणू नोका. सरांनी सांगितलं ना? वाढवतो म्हणा."

"वाढवतो जी," नंदलालभाऊ मेढीला अदबीने म्हणाले आणि कापली.

तुकडा बाजूला पडला. दोरी लावली. मेढ दोरीपेक्षा वीतभर लांब होती.

"खूण चुकली असन," नंदलालभाऊ म्हणाले. नवी खूण केली. "थोडी वाढवतो."

कापली. दोरी लावली. मेढ हातभर लांब होती.

"काऊन असं होऊन राहिलं, सर?"

दोरी आटली असावी, असे मी सुचवले. भर उन्हात सुंभाची दोरी किती आटते यावर आम्ही थोडा वेळ बोललो. मग त्यांनी पुन्हा कापली, आणि पुन्हा. ते दर वेळी नम्रपणे 'वाढवतो' म्हणत. दर वेळी एक चांगला जाड तुकडा बाजूला पडे, आणि दर वेळी मेढ आणखी थोडी पुढे सरकलेली असे. यंत्र मात्र सुरळीत चालत होते, किंबहुना पहिल्यापेक्षा हलक्या, समाधानी आवाजात. बाजूच्या तुकड्यांचा ढीग त्या एका फांदीतून निघेल त्याहून मोठा झाला होता, हे मी पाहिले आणि दुसरीकडे पाहू लागलो.

"लग्नाच्या सयपाकाचं जळतन होऊन जाते फुकटात," नंदलालभाऊ म्हणाले आणि पुन्हा दोरी पसरू लागले. मेढीचे टोक आता खळ्याबाहेर गेले होते. गुरुजी मुहूर्तासाठी ओसरीत बसून होते. मेढ रोवली गेली नाही तर लग्न पुढे सरकणार नव्हते, आणि कुऱ्हाडीला हात लावायला ते तयार नव्हते.

स्वयंपाकघरातून निर्मलाबाई बाहेर आल्या. हातात उलथने होते. त्यांनी ढीग पाहिला, मेढ पाहिली, आम्हां तिघांना पाहिले.

"काय लावलं जी हे? वाढवतो, वाढवतो! बिरडू हाये का ते, भिजवून वाढाले?" आणि यंत्राकडे उलथने रोखून म्हणाल्या, "काप! सरळ काप अन् मोकळी हो!"

यंत्र अडखळले. मोटर क्षणभर नुसती गुणगुणली, मग साखळी पहिल्या दिवसासारखी कर्कश ओरडत लाकडात शिरली. तुकडा पडला. दोरी लावली, ती नेमकी बसली.

"दोरी भिजली असन आता," नंदलालभाऊ माझ्याकडे पाहून आशेने म्हणाले.

असेल, मी म्हणालो.

५

मेढ रोवली. हळद झाली. लग्नाच्या दिवशी नंदलालभाऊंनी मशीन पुसून, तिला कुंकू आणि झेंडूचे फूल वाहून मेढीच्या पायथ्याशी ठेवली. माझी हरकत होती, पण भावाच्या आठवणीपुढे ती कोणत्या शब्दांत मांडावी हे सुचेना. प्लग ओसरीतल्या खुंटीवर टांगलेला आहे, हे मी स्वतः जाऊन पाहिले. शिवाय दुपार होती आणि लाईन गेलेली होती.

वरात नागपूरची. नवरदेव लोकेंद्र शांत मुलगा होता. शांत नव्हते ते त्याचे काका केशोराव, मराठीचे निवृत्त शिक्षक. अक्षता पडल्या, पाने मांडली गेली, आणि केशोराव मेढीजवळच्या पाटावर बाह्या सरसावून बसले, तेव्हा मला एकाएकी एक गोष्ट उमगली.

त्या घरी पंगतीत 'टाका' म्हणत. भात टाका, वरण टाका. नागपूरचे लोक काय म्हणतील?

मी धावत जाऊन केशोरावांच्या कानाशी लागलो. "एक विनंती आहे. जेवताना कृपया 'वाढा' म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"इकडच्यासारखं 'टाका' म्हणा."

"टाका?" ते ताठ बसले. "टाकतात तो कचरा, सर. अन्न वाढतात. आयुष्यभर पोरांना हेच शिकवलं मी. तुम्ही लोकसाहित्यवाले भाषेची पार वाट लावता बुवा!" आणि मला धडा शिकवण्यासाठी हात उंचावून, वर्गात घुमेल अशा आवाजात ते म्हणाले, "वाढा हो, वाढा! पंगत वाढा!"

मेढीच्या पायथ्याशी फार हलका, समाधानी आवाज झाला. तो मी ओळखला.

काही बिघडले नाही. लोक जेवू लागले. निर्मलाबाई स्वतः वरणाची बादली घेऊन निघाल्या. भाताचे घमेले रिकामे होईना, म्हणून आचारी खूश होते. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले की निर्मलाबाई अजून परतल्या नाहीत. पंगतीच्या त्या टोकाकडे मी पाहिले आणि टोक मला दिसले नाही.

रांग मांडवाबाहेर गेली होती, खळ्यावरून, गोठ्यापलीकडे. सारे मान खाली घालून मुकाट्याने जेवत होते. "हे तुमच्याकडचे का?" मी नंदलालभाऊंना विचारले.

"नाई जी, ते तं वरातीतले."

केशोरावांना विचारले. "छे, आमचे नव्हेत. मुलीकडचे दिसतात."

प्रत्येक लग्नात असे काही लोक असतात, असे मी स्वतःला बजावले. मग वायर दिसली. यंत्रापासून निघून ती जेवणाऱ्यांच्या पाठीमागून त्या दिशेने गेली होती. खुंटीवरच्या प्लगपासून खाली उतरलेली वायरही त्याच दिशेने गेली होती. दोन्ही समांतर. कुठेतरी ती वळून एक होत असली पाहिजे. ते वळण माझ्या नजरेच्या पलीकडे होते.

तिकडून एकही आवाज येत नव्हता. सूर्य कलला, पण पंगत उठेना. पंगत उठल्याशिवाय मुलीची पाठवणी नाही, हा तिथला नियम. वरातीची बस हॉर्न वाजवू लागली. केशोरावांचे चौथे जेवण चालले होते आणि त्यांच्या कपाळावर भीती दिसत होती. "पोट भरलंय हो," ते पुटपुटले, "पण पान रिकामं होत नाही."

निर्मलाबाई परत येताना दिसल्या, पाठमोऱ्या चालत. बादली हातात नव्हती. साऱ्या वरातीला उघड्या डोक्याने दटावणाऱ्या त्या बाईचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता.

"तुम्ही म्हणा त्यांना," मी म्हणालो. "मेढीच्या वेळी मशीनला म्हणालात तसं. सरळ सांगा, संपलं."

पदराआडून त्यांनी नुसती मान हलवली. त्या सुनेने तिकडे तोंड उघडणे शक्य नव्हते. नंदलालभाऊंना मी काही विचारण्यापूर्वीच ते मेढीला टेकून खाली बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते. तिकडे पाहायला ते धजत नव्हते.

भूमिका बोहल्यावरून उठली. लग्नघरात 'संपलं' हा शब्द नवरीच्या तोंडून निघणे याहून अशुभ काही नाही, हे तिला मीच शिकवले होते. तिने शालूचा घोळ हातात धरला, रिकामा झारा घेतला आणि रांगेच्या कडेने चालत गेली, गोठ्यापर्यंत, गोठ्याच्या पलीकडे. मला तिची पाठ दिसत होती. ती एका पानासमोर वाकली. पानावर बसलेल्याचा फक्त गुडघा दिसला आणि गुडघ्यावर ठेवलेला, तेलाने काळा झालेला अंगठा.

बसचा हॉर्न वाजला. मी त्या दिशेने वळून पाहिले आणि पुन्हा पाहिले तेव्हा पंगत मांडवाच्या आत संपत होती. केशोराव ढेकर देऊन रडू लागले होते. गोठ्यापलीकडे एक पत्रावळ नीट दुमडून ठेवलेली होती. भूमिका परत येत होती.

पाठवणीला तिने डोळ्यांतून पाणी काढले नाही. बायकांना याचे फार नवल वाटले.

६

नंदलालभाऊंचा अधूनमधून फोन येतो. मशीन पेटीत ठेवली आहे. "बाकी सब ठीक हाये, सर. फक्त पेटीचं झाकन लागत नाई. वायर मावून नाई राहिली." तोडून टाका, असे मी स्पष्ट शब्दांत सांगितले. ते म्हणाले, "भावाची हाये जी," आणि फोन ठेवला.

भूमिका आता नागपुरात असते. दिवाळीनंतर एकदा मी तिच्याकडे गेलो. केशोराव आतल्या खोलीत होते. चहाबरोबर चिवडा आला तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला, "सूनबाई, सरांना आणखी टाक थोडा!" आम्ही दोघेही हसलो आणि त्या हसण्यातच मी विचारले.

"त्या दिवशी तू काय म्हणालीस त्यांना?"

"म्हटलं, बडे बाबूजी, संपलं आता." ती कपाकडे पाहत होती. नागपूरची मराठी बोलणारी ती मुलगी पुढचे वाक्य मात्र थेट आपल्या गावच्या बोलीत बोलली. "त्याईनं पत्रावळ दुमडली. मेढीकडे पाह्यलं. म्हणे, नंदलालनं सरळ कापली, बरं झालं."

"मग?"

"मग मले इचारलं, वायर कोनं वाढवली वो, माय? पार माह्यापावतर येऊन राहिली ना."